कालिंदीची साक्ष

वकीलबाईंनी फाईल मिटली. "मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वसुधा, तुमच्या पासपोर्टवर कालिंदी. तुम्ही तिची आई आहात, हेच व्हिसावाल्यांना पटत नाही. म्हणून दोनदा नकार आला."

"अहो, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघाला. आणि तिकडे लेकीचे दिवस भरत आलेत." वसुधाबाई हे आता तिसऱ्या वकिलाला सांगत होत्या.

"दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करू. साक्षीला तुम्हाला कालिंदी म्हणून ओळखणारं कुणीतरी आणा."

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "आई होती. दादा होता. आता कुणीच नाही हो."

वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "घ्या, कालिंदीताई."

कुणाला हाक मारली, म्हणून वसुधाबाईंनी मागे वळून पाहिलं.