रोजची पेशंट

"आज काय दुखते, मावशी?" डॉक्टर संघदीपने मान वर न करताच विचारलं.

देवकाबाईने जरा विचार केला. "गुडघा," ती म्हणाली.

काल डोकं होतं, परवा पोट. संघदीपने गुडघा दाबून पाहिला, बीपी घेतलं. म्हातारी ठणठणीत होती. त्याने कागदात गुंडाळून दिलेल्या गोळ्या कमरेला खोचून ती निघाली. दाराशी थांबून तिने रोजचा प्रश्न विचारला, "रात्री इथंच रायता ना, साहेब?"

"इथंच रायतो. जाणार कुठं?"

डॉक्टरची खोली मागे, जंगलाला लागून. ती गळते हे गावाला ठाऊक होतं. म्हातारीला आपली काळजी वाटते, या विचाराने संघदीपला बरं वाटायचं.

गोंदिया जिल्ह्यातल्याच गोरेगावचा हा पोरगा २०११ साली सालेकशापलीकडच्या त्या सरकारी दवाखान्यात आला, तेव्हा त्याच्या वाट्याला पेशंट म्हणून ही एकटीच आली. बाकी गाव तापाने फणफणलं तरी दवाखान्याला वळसा घालायचं आणि दरेकशाहून गोंदियाची पॅसेंजर धरायचं. गावाचं चुकत नव्हतं. आदल्या साली, त्याच्या आधीच्या डॉक्टरच्या काळात, एक अडलेली बाळंतीण दवाखान्याच्या ओसरीवर तडफडून गेली होती. पोटातलं लेकरूही गेलं. आत कोणीच नव्हतं. डॉक्टरची आणि नर्सची बदली झाली, आणि सरकारदरबारी प्रकरण मिटलं. गावात ते मिटणार कसं?

देवकाबाई मात्र ऊन म्हणायची नाही, पाऊस म्हणायची नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी अख्खं गाव दंडारीचा खेळ बघायला लोटलं, तेव्हाही ही बया दवाखान्याच्या दारात हजर. एका रविवारी तर तिन्हीसांजेला पोट धरून आली, आणि डॉक्टर दिसताच तिचं पोट दुखायचं थांबलंही.

शिपाई शालीकराम जुना माणूस, आधीच्या डॉक्टरच्या काळातला. तो तिला पाहिलं की बादली उचलून बोरिंगवर चालता व्हायचा. म्हाताऱ्या माणसाशी असं तुटक वागतात का, म्हणून संघदीपने त्याला एकदा चांगलंच झापलं. शालीकराम खाली मान घालून उभा राहिला.

म्हातारी रोज जाते आणि धडधाकट परत येते, हे लोक पाहत होते. मग दोन बाया आल्या. त्यांच्यामागे लेकरं आली, खोकला झालेले म्हातारे आले. दुधाने तोंड भाजलेलं गाव ताक फुंकून फुंकून पिऊ लागलं.

आणि नेमका तेव्हाच जनसुनवाईचा निरोप आला. शाळेच्या पटांगणात, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढे, लोक दवाखान्याच्या तक्रारी मांडणार होते. बाळंतिणीचं प्रकरणही निघणार होतं. तिच्या घरचे बोलणार होते.

संघदीपची झोप उडाली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपली रीत त्याला ठाऊक होती. बदलीची त्याला फिकीर नव्हती. आता कुठे बसू लागलेला लोकांचा भरवसा एका दुपारीत मोडणार, या विचाराने त्याला रडू यायचं.

शेवटी त्याने देवकाबाईलाच गळ घातली. "मावशी, तू रोज येते. मी इथं रायतो का नाही, एवढं चार लोकायत सांगशीन का?"

देवकाबाईने गोळ्या कमरेला खोचल्या. "सांगीन," ती म्हणाली. "जे पाह्यलं ते सांगीन."

सुनवाईला पटांगण भरलं. गावातले वडीलधारे केशोराव उठले आणि त्यांनी बाळंतिणीची हकिकत सांगितली. रंजिता तिचं नाव. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. तिच्या घरचं कोणी आलंय का, असं अधिकाऱ्याने विचारलं.

देवकाबाई उठली.

म्हातारीचा गोंधळ झाला असं वाटून संघदीपने तिला हाताने खुणावलं, आत्ता नको, नंतर. तिने पाहिलं, पण ती बसली नाही.

"हा डाक्टर रोज रायते, साहेब," ती म्हणाली. "सकाळी पाह्यलं, सांजेला पाह्यलं, मंडईच्या दिवशी पाह्यलं. याची काई तक्रार नाही."

संघदीपने हुश्श केलं.

रोज दवाखान्यात जावं लागतं, असा तुम्हाला आजार तरी काय आहे, अधिकाऱ्याने जरा हसूनच विचारलं.

"मले काईच दुखत नाही," देवकाबाई म्हणाली. "डाक्टर हाय का नाही, तेवढं पाहाले जातो. अन् घरी येऊन माह्या रंजिताले सांगतो, माय, आज आली असती तं वाचली असती."