आधी तुझ्या हाताला

“आधी तुझ्या हाताला,” वस्ताद म्हणाले, आणि आपली बाही मुठीत धरून बसले.

सुनेने इन्सुलिनची पट्टी स्वतःच्या दंडावर टेकवली. नुसती टेकवू नकोस, नीट दाब, असं त्यांनी बजावलं. तिने अंगठ्याने दाबली, सोलून काढली आणि मग सासऱ्यांच्या दंडाला चिकटवली. हे आता रोजचंच झालं होतं. नखाएवढी ती पट्टी, खालच्या बाजूला बोटाला जेमतेम खरखरीत लागतील इतक्या बारीक सुया. इंजेक्शनची कटकट नको म्हणून डॉक्टरांनी नवीन दिलेली. पण वस्तादांचा उभा जन्म हॉटेलच्या भटारखान्यात गेलेला. आचाऱ्याने स्वतः चाखल्याशिवाय ताट बाहेर सोडायचं नाही, हा त्यांचा कायदा. हाताखालच्या माणसांवर नजर ठेवता ठेवता स्वभावच असा झाला होता, की दुधाने तोंड न पोळताही ताक फुंकून प्यायचे.

त्यात मुलाने एकदा घर नावावर करून द्यायचा विषय काढला. झालं! सुनेच्या हातचं औषध त्यांना औषध वाटेना. सिरिंजमधलं निदान डोळ्यांना दिसायचं. या पट्टीत काय भरलंय कुणाला ठाऊक? सुनेने मात्र नवऱ्याला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. बापलेकांत उगाच वाजायला नको, म्हणाली. पट्टी तुमच्या हातावर तासभर राहणार, माझ्या हातावर क्षणभर; तेवढ्याने तुमचं समाधान होत असेल तर माझं काय जातंय? एवढं गोड बोलते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं वस्तादांना वाटलं.

आणि वस्तादांची साखर उतरायची सोडून चढत चालली. घशाला सारखी कोरड, डोळ्यांपुढे धूसर. तिकडे सुनेचं वागणंही बदललं. पट्टी लावून झाली की थोड्या वेळाने स्वयंपाकघरात जायची आणि डब्यातली साखर मुठीने तोंडात कोंबायची. वस्तादांनी दाराआडून पाहिलं. चाहूल लागताच ती दचकली. कपाळावर घाम होता, हात लटलट कापत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! स्वतःच्या दंडाला लावते ते नुसतं नाटक; आपल्याला लावताना काहीतरी हातचलाखी करत असणार. दवाखान्यातल्या सिस्टर साखर तपासायला येतील तेव्हा सगळ्यांसमोर हिचं पितळ उघडं पाडायचं, असं त्यांनी पक्कं केलं.

सिस्टर दारात आल्या तेव्हा सून ओट्यापाशी कोसळलेली होती आणि मुलगा तिला हाका मारत होता. सिस्टरनी तिच्या बोटातलं रक्त तपासलं. साखरेचा पार खाली गेलेला आकडा बघून त्यांनी घाईघाईने बॅग उघडली, ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

मग वस्ताद पुढे झाले. तिचं राहू द्या, आधी माझी साखर बघा आणि ही मला रोज काय लावते ते विचारा, म्हणाले. सिस्टरनी त्यांचीही साखर पाहिली. ती भलतीच चढलेली होती. दोघांच्या बाह्या वर सारल्या. वस्तादांच्या दंडावर चिकटपट्टीच्या खुणांशिवाय काही नव्हतं. सुनेच्या दंडावर बारीक लाल ठिपक्यांचे चौकोन होते, एकाशेजारी एक.

या सुया म्हणजेच औषध, सिस्टर म्हणाल्या. पहिल्यांदा ज्या कातडीत घुसतात तिथेच तुटून राहतात आणि विरघळतात. नंतर हातात उरते ती कोरी पट्टी.

“हिला मधुमेह नाही. मग हिला इन्सुलिन कोण देत होतं?” सिस्टरनी विचारलं.

मुलगा बायकोकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली. माझंच चुकलं, मीच लावून बघत होते, असं काहीतरी पुटपुटली.

ओट्याला धरत वस्ताद तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

“नाही,” ते म्हणाले. “मी देत होतो.”