बोट ओढायचा दिवस

"हात लावा रे!" हिराजी नाखवा तिसऱ्यांदा ओरडला.

पावसाळ्यासाठी मोटरबोट वर घ्यायची म्हणून त्याने इंजिन उतरवलं होतं, ओंडक्यांना तेल चोपडलं होतं. आता उधाणाची भरती ओसरायच्या आत वीस जणांनी दोर ओढला, तरच बोट वाचणार होती. पण अख्खा कोळीवाडा हाताची घडी घालून उभा! चांगुणा आठवडाभर घरोघर फिरली होती ती याचसाठी.

मागच्या मोसमात तिच्या नवऱ्याची होडी बुडत होती, तेव्हा हा हिराजी शेजारूनच गेला. मासळीला पहिला भाव मिळवायची घाई! "धीर धर, मागून बोट येतेय," एवढं ओरडला आणि सुटला. मागून कुणीच येत नव्हतं; नवरा होडीसकट बुडाला. वाचलेल्या खलाशाने तिला शब्द न् शब्द सांगितला होता.

पाणी मागे सरलं. बोट कुशीवर कलली. हिराजीने चिखल तुडवत येऊन चांगुणापुढे हात जोडले. "वहिनी, तूच सांग यांना. आभाळ भरलंय, एक फळी उरायची नाही."

तिने पदर खोचला, वाकून दोर उचलला. हिराजीचा चेहरा उजळला. दोराचं टोक तिने त्याच्याच हातात दिलं.

"धीर धर, नाखवा," ती म्हणाली, "मागून माणसं येतायत."