पाण्याला फुटलेली वाचा

प्रशिक्षक रेश्मानं प्रमिलाबाईंना काखांत हात घालून वर खेचलं, तेव्हा पोहण्याच्या तलावावरच्या सगळ्या बायका कठड्याशी जमल्या होत्या.

"आजी, इतका वेळ खाली? मला वाटलं, गेलात."

"बुडत नव्हते गं. गोष्ट ऐकत होते."

पोहताना पुस्तक ऐकायचं यंत्र नातीनं त्यांच्या कानशिलांवर बसवून दिलं होतं. घरी त्यांच्या मंद कानांना ते नुसतं पुटपुटे. पण डोकं पाण्याखाली गेलं, की शब्द न शब्द हाडांतून थेट आत उमटे. लहानपणी विहिरीत बुडी मारली, की सारं जग मुकं होई. त्या मुक्या पाण्याला आज वाचा फुटली होती, आणि त्यांना वर यायचं भानच राहिलं नव्हतं.

"आजपासून बुडी बंद," रेश्मा त्यांच्या कानाशी ओरडली.

प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला. "डोळे अधू झाल्यापासून एक पुस्तक पुरं झालं नाही माझं. आणि गोष्टीतली माणसं आत्ता होडीत आहेत, भर पुरात."

रेश्मानं कपाळाला हात लावला. मग त्यांना उथळ पाण्यात नेलं. "माझा हात धरून ठेवा. दम संपला, की दाबा."

त्या खाली गेल्या. आवाज पुन्हा मस्तकात घुमू लागला, आणि एकाएकी त्यांनी रेश्माचा हात करकचून दाबला. तिनं लगेच वर ओढलं.

"दम लागला?"

"होडी उलटली."

रेश्मानं त्यांचा हात पुन्हा घट्ट धरला. "मग वर काय करताय? जा खाली, कोण वाचलं ते बघा."