पुढच्या वर्षीचा अशोक

गिरीधररावांनी कात्री पुसली आणि बाल्कनीतल्या अशोकासमोर स्टूल ओढलं. कुंडीतला हा हातभर उंचीचा सीताअशोक बारा वर्षांचा झाला होता, पण त्याला एकदाही फुलू दिलेलं नव्हतं. फुलं आली की सगळी ताकद फुलांतच जाते. खोड मनगटाएवढं होईतो एक कळी ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. पोंगल सरला, कळ्या दिसू लागल्या की भवानीबाई विचारायच्या, यंदा राहू द्यायच्या का? उत्तर ठरलेलं. पुढच्या वर्षी.

कळ्यांचंच कशाला, काशी, लेकीचं सिंगापूर, स्वयंपाकघराचा रंग, त्यांच्याकडे सगळंच पुढच्या वर्षी. माणूस वाईट नव्हता, घाई म्हणून काही असते हे त्याला ठाऊक नव्हतं इतकंच.

गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, बाईंची नजर झपाट्याने कमी होते आहे. पुढच्या वर्षी कितपत दिसेल, सांगता येत नाही. गिरीधररावांनी घरी येऊन हे बायकोला सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांचं तिला कळत नसेल, असं ते धरून चालले. यंदा भवानीबाईंनी कळ्यांचंही विचारलं नाही, तेव्हा तर त्यांना हायसं वाटलं. काय करावं सुचेना की माणूस नेहमीचं काम करतो, तसे ते कात्री घेऊन बसले.

कळ्यांचे सात घोस बशीत पडले. आठव्यासाठी त्यांनी खोडाजवळची फांदी उचलली आणि हात थांबला. दोन पानं एकमेकांवर दुमडून त्यांत अंबाड्याचा काळा आकडा खोचलेला होता. आत नारिंगी टोकांचा कोवळा घोस. आकडा तिरका बसला होता, पानाला दोन-तीन चुकलेली भोकं होती. चाचपत चाचपत लावला होता तो.

त्यांना एकदम रडू आलं. बशीतले सात काही परत लावता येत नव्हते.

"काढून झालं कीं सगळं?" आतून भवानीबाईंनी विचारलं.

"झालं." झाडाच्या बाबतीत ते पहिल्यांदाच खोटं बोलले. पानं होती तशी झाकून त्यांनी आकडा सरळ केला.

भवानीबाई चौकट धरून दाराशी आल्या. अंबाडा एका बाजूला कलला होता. "एक आकडा सापडेना हो मला," त्या म्हणाल्या.

गिरीधररावांनी कात्री डब्यात ठेवली, डबा वरच्या फळीवर सारला आणि चपला पायांत घातल्या. मैलापूरच्या देवळाच्या तळ्याजवळ चांगले मिळतात, पाकीटभर आणतो, म्हणाले.

"एवढ्यासाठी मैलापूर?" भवानीबाईंना हसू आलं. "सरी, बरं, पुढच्या आठवड्यात जा कीं."

"नाही," ते म्हणाले, "आत्ताच."