हूं की चूं नाही

आमची सात सीटची जुनी गाडी एकदाची विकायला काढली. बघायला गणिताचे एक सर आले. खोटं बोलायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं.

"सर, एसी मधेच बंद पडतो, मागच्या खिडकीची काच आपोआप खाली घसरते आणि डिकीचं दार भांड्यांची मांडणी कोसळावी तसं खडखडतं. मेकॅनिकनेसुद्धा हात टेकलेत."

"एक चक्कर तर मारू," म्हणत सर स्टिअरिंगवर बसले. घरचे सगळे सवयीने आपापल्या जागी चढले.

एसी अडखळला तशी बायकोने बोलता बोलता डॅशबोर्डवर एक बुक्की हाणली. मुलीने मोबाईल बघत काचेला तळहात लावला. सर्वांत मागे माझी आई डिकीच्या दाराला बांधलेला पट्टा हाताला गुंडाळून डुलकी काढायला लागली. खड्डे गेले, गतिरोधक गेले, गाडीतून हूं की चूं नाही! आज हिला झालंय तरी काय, म्हणून मीच चक्रावलो.

"उगाच बदनामी करताय बिचारीची!" सरांनी तिथल्या तिथे व्यवहार पक्का केला.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. पैसे परत मागणार, असं धरूनच मी तो उचलला.

"तक्रार नाही हो! तुमचं बघितलेलं आठवून आमच्या हिला बुक्की जमली, काच मुलगा धरतो, पण डिकी काही कुणाला आवरत नाही. रविवारी लांब जायचंय... आजी मोकळ्या आहेत का?"