दगडावरचा चाफा

पुजाऱ्याने नाव विचारले, तेव्हा नंदावतीच्या हातातला वरवंटा थांबला.

सिनिगमच्या देवळात शापाची मिरची वाटायला येणारा प्रत्येक जण नाव घेऊन येतो. कुणी चोराचे, कुणी भाऊबंदाचे. नंदावतीकडे नाव नव्हते. नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात रोज सापडणारी चाफ्याची पाकळी, एवढाच तिचा पुरावा.

"नावाशिवाय शाप लागायचा कुणाला, पोरी?"

"माझा नवरा जिच्यासाठी फूल नेतो, तिला. ती कोण ते देवाला ठाऊक असेल."

"आणि मागणं काय?"

"ज्या डोळ्यांनी भुलवलं ते डोळे जावोत तिचे."

मंत्र म्हणून झाल्यावर पुजारी म्हणाला, "देव बरोबर शोधून काढतो. शाप लागला की सगळ्यांच्या आधी जी डोळे चोळील, तीच समज."

नंदावतीने मिरी आणि मिरची पार लगदा होईस्तोवर वाटली. रस्त्यावर गॉलची बस कर्णा वाजवत होती. हात धुवायला ती थांबली नाही. पदराला पुसले आणि धावत बस गाठली. वाटभर नखांत आग होत होती. होऊ दे, म्हणाली. तिकडे याच्या दसपट होणार आहे.

तिचा नवरा पियतिलक गॉलच्या किल्ल्यात लोकांना पायी फिरवायचा. तट, दीपगृह, डचांची घरे आणि शेवटी डचांचे चर्च. किल्ल्यात त्याची जीभ झऱ्यासारखी वाहायची, असे लोक सांगत. घरी मात्र जेवताना 'मीठ' आणि निजताना 'दिवा', एवढाच संसार. नंदावती दिवसभर ओसरीवर लेस विणायची. सांजेला भात रांधायची. तळाची करपलेली खरवड आपल्या ताटात घ्यायची आणि वरचा मोकळा भात त्याला वाढायची. मला खरवडच आवडते, असे तिने नव्या नवरीपणीच सांगून टाकले होते. त्याने मान वर केली नव्हती. करपल्याचा वास तरी त्याला कधी आला होता की नाही, कुणास ठाऊक.

मग चर्चच्या फाटकाशी शहाळी विकणाऱ्या सोमाअक्काने तिला गाठले. म्हणाली, तुझा मुका नवरा आत एका थडग्याच्या दगडापाशी रोज फूल ठेवतो आणि असा काही बोलतो की माणसे पुतळ्यासारखी उभी राहतात. नंदावती म्हणाली, असेल कुणा मेलेल्या गोरीची कथा.

सोमाअक्का हसली. "मेलेलीसाठी कुणी दाढी घोटून जातं का गं? घोळक्यात कुणीतरी असते. दगडाच्या आडून तिला ऐकवतो म्हातारा."

नंदावतीला फुलाचे एवढे वाटले नाही. त्याच्यापाशी शब्द होते आणि ते दुसरीला मिळत होते, हे तिला खात राहिले. जन्मभर ती त्याला मुका समजून सांभाळत आली होती.

देवळातून बसने ती थेट किल्ल्यात पोचली, तेव्हा कुरुणेगलहून शिक्षकांचा घोळका आला होता. नंदावतीने छत्री डोळ्यांवर ओढली आणि सगळ्यांत मागे चालू लागली. पियतिलकने मागे पाहिले नाही. पिवळ्या साडीतली एक शिक्षिका त्याच्या अगदी पुढ्यात चालत होती. प्रत्येक दगडाला तिचा एक प्रश्न होता.

तटावर ती म्हणाली, "मामा, घरीपण असंच बोलता का हो? मामी नशीबवान."

पियतिलक नुसता हसला. नंदावतीने झोंबणाऱ्या बोटांनी छत्रीचा दांडा आवळला. हीच असणार. तिने त्या बाईचे डोळे नीट पाहून ठेवले. काजळ घातलेले, टपोरे, अजून ठणठणीत. थांब थोडी, ती मनात म्हणाली.

चर्चमध्ये ती खांबाआड उभी राहिली. पियतिलक एका झिजलेल्या दगडापाशी थांबला. खिशातून चाफा काढून त्याने दगडावर ठेवला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"हिचं नाव पुसून गेलंय. पण बाई मला ठाऊक आहे. बोटं चपळ, तोंड फटकळ. भांड्याच्या तळाची खरवड स्वतः खायची आणि नवऱ्याला सांगायची, मला हीच आवडते. खोटं बोलते, हे नवऱ्याला पहिल्याच घासाला कळलं होतं. पण बोलायला त्याची जीभ उचलेना. मग तो रोज तिच्यासाठी एक फूल घ्यायचा. दारापर्यंत न्यायचं धैर्य व्हायचं नाही. वाटेतच कुठंतरी ठेवून द्यायचा."

पिवळ्या साडीतल्या बाईने वाकून दगडाकडे पाहिले. "मामा, हे सगळं इथं लिहिलंय?"

"इथं नाही, बाई," पियतिलक म्हणाला.

खांबाआड छत्री गळून पडली. त्या आवाजाने घोळका मागे वळला, पियतिलकही वळला. सगळ्यांचे डोळे कोरडे होते. नंदावतीला समोरचे काही दिसेना, इतके पाणी भरून आले. तिला त्याला नीट बघायचे होते. तिने घाईघाईने दोन्ही हातांनी डोळे चोळले.